जनुक पेशीत पोहोचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एप्रिल २०२४ मध्ये आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या उपचाराचं लोकार्पण झालं. आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून घडवलेली ही भारतातली पहिली मान्यताप्राप्त कार-टी थेरपी. रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली होती. उपचाराचं वर्णन एका ओळीत होतं: रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) काढतात, त्यांच्यात नवं जनुक घालतात, पेशी वाढवतात आणि रुग्णाला परत देतात.

वर्णन बरोबर आहे. पण त्यातल्या ‘जनुक घालतात’ या दोन शब्दांत संशोधक विद्यार्थ्याची अख्खी पीएचडी जाते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की अवघड भाग जनुक ‘लिहिण्याचा’ असेल. प्रत्यक्षात जनुक संगणकावर आठवड्याभरात लिहून होतं. ते किती पेशींत गेलं, प्रत्येक पेशीत किती प्रती गेल्या आणि आपण मोजलेला आकडा खरा आहे का, या तीन प्रश्नांना वर्षं लागतात. या लेखात कार-टीचंच उदाहरण धरून ते काम पायरीपायरीने पाहू.

जनुकात काय लिहायचं

टी-पेशी आपलं लक्ष्य ओळखते ती तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरने, म्हणजे खूण पकडणाऱ्या प्रथिनाने. कार (चायमेरिक अँटिजेन रिसेप्टर) हा माणसाने जोडून बनवलेला रिसेप्टर आहे. बाहेरचा भाग अँटिबॉडीकडून घेतलेला, आतला भाग टी-पेशीकडून. ही जोडणी चालते हे इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत झेलिग एशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं. सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात ती हीच: निसर्गात वेगवेगळ्या ठिकाणी असलेले सुटे भाग एका साखळीत बसवायचे आणि निसर्गात नसलेलं काम त्यांच्याकडून करून घ्यायचं.

सध्याच्या वापरातल्या एका कारचे भाग मोजून पाहू. अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या कार-टीचा रिसेप्टर ४८६ अमिनो आम्लांचा आहे. सुरुवातीची २१ अमिनो आम्लं म्हणजे फक्त पत्ता. प्रथिन पेशीच्या पृष्ठभागाकडे पाठवून ती कापली जातात. पुढची २४२ रक्ताच्या काही कर्करोगी पेशींवर असलेल्या सीडी१९ या प्रथिनाला पकडणारी. त्यानंतर ४५ चा लवचीक दांडा, २४ चा पेशीपटलातून आरपार जाणारा तुकडा, ४२ चा ‘४-१बीबी’ नावाचा भाग आणि शेवटी ११२ चा ‘सीडी३ झीटा’. सीडी३ झीटा ‘मार’ असा आदेश देतो, आणि ४-१बीबीमुळे पेशी तग धरते व वाढते. सुरुवातीच्या काळातल्या कारमध्ये फक्त झीटा असे. त्या पेशी काचेच्या बशीत मारायच्या, पण शरीरात थोड्याच दिवसांत संपून जायच्या.

एका अमिनो आम्लाला डीएनएची तीन अक्षरं लागतात, म्हणजे सगळा मजकूर जेमतेम १,४६० अक्षरांचा. कंपनीकडून तो तयार करून मागवता येतो. तरीही तो मागवण्याआधी तपासायच्या काही गोष्टी आहेत आणि त्या चुकल्या की सहा महिने वाया जातात.

पहिली गोष्ट म्हणजे पकडणाऱ्या भागाच्या दोन तुकड्यांना जोडणारा १५ अमिनो आम्लांचा दुवा. चार ग्लायसीन आणि एक सेरीन, असं तीनदा. तिन्ही वेळा तीच तीच अक्षरं लिहिली तर पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, चुकीच्या जागी चिकटतात आणि दुवा आखूड होऊन बाहेर पडतो. ग्लायसीन चार वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतं, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात स्पेलिंग बदलायचं. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. मजकुरात कुठेतरी योगायोगाने ए-ए-टी-ए-ए-ए अशी अक्षरं आली, तर पेशी त्यांना ‘आरएनए इथे संपवा’ अशी खूण समजू शकते. जनुक पेशीत न्यायला विषाणूचं पाकीट वापरतात (ते पुढे पाहू); मग त्या पाकिटात जाणारी प्रतच अर्धवट निघते. डीएनएचं सिक्वेन्सिंग (अक्षरवाचन) अगदी बरोबर येतं, प्लाझ्मिड, म्हणजे मजकूर बसवलेलं डीएनएचं गोल कडं, थेट पेशीत घातलं तर प्रथिनही दिसतं, फक्त विषाणू कमी बनतो. कारण सापडेपर्यंत माणूस विषाणू बनवण्याच्या कृतीतच चूक शोधत बसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अँटिबॉडीचा तुकडा कोणाचा? जुन्या कारमध्ये तो उंदराचा आहे. रुग्णाचं शरीर त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध प्रतिकार उभा करू शकतं. नेक्सकार१९ मध्ये हा तुकडा मानवी वळणाचा करून घेतलेला आहे. असा बदल करताना अक्षरं बदलतात तशी पकडही बदलू शकते. म्हणून एकाऐवजी अनेक नमुने बनवून सगळे तपासावे लागतात.

मजकूर हातात आला की तो प्लाझ्मिडमध्ये बसवायचा. गिब्सन पद्धतीत दोन तुकड्यांची टोकं २० ते ४० अक्षरं एकसारखी ठेवतात आणि ५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून ती जोडतात. मग प्लाझ्मिड ई. कोलाय जिवाणूत घालून वाढवायचं. जनुक वाहून नेणाऱ्या लेंटिव्हायरस या विषाणूच्या प्लाझ्मिडला दोन्ही टोकांना एकसारखे लांब तुकडे असतात आणि जिवाणू ते एकमेकांशी जुळवून मधला मजकूर गाळून टाकतो. त्यामुळे असं गाळणं कमी करणारी ‘स्टेबल-३’सारखी जात वापरायची, आणि शक्यतो ३७ ऐवजी ३० अंशांवर वाढवायची. वाढ मंद होते, वसाहती लहान दिसतात, पण प्लाझ्मिड शाबूत राहतं. वसाहतींत एखादी फार मोठी आणि तरतरीत दिसली तर ती उचलू नये. मजकूर गाळून हलका झालेला जिवाणूच बहुधा जोमाने वाढतो.

सिक्वेन्सिंगच्या एका खेपेत साधारण ७०० ते ८०० अक्षरं भरवशाने वाचता येतात. म्हणजे पूर्ण कार वाचायला किमान दोन, आणि जोडाच्या जागा नीट दिसायला तीन प्रायमर हवेत. फक्त दोन्ही टोकं वाचून ‘क्लोन बरोबर आहे’ असं लिहिणं ही प्रयोगशाळेतली फार महाग पडणारी काटकसर.

पाकीट

आता हा मजकूर टी-पेशीच्या गुणसूत्रात कायमचा बसवायचा आहे. विषाणू हेच काम करून जगतात, म्हणून त्यांचं पाकीट उसनं घेतात. कार-टीत सहसा लेंटिव्हायरस वापरतात. तो एचआयव्हीपासून बनवलेला आहे, हे ऐकून अनेकांना धसका बसतो, म्हणून त्याचं काय काय काढून टाकलंय ते समजून घेणं गरजेचं आहे.

विषाणूचं सामान चार वेगळ्या प्लाझ्मिडांत वाटून ठेवलेलं असतं. पहिल्यात आपलं जनुक, दुसऱ्यात सांगाडा आणि एन्झाइमं बनवणारी जनुकं, तिसऱ्यात आरएनए केंद्रकाबाहेर आणणारं प्रथिन, चौथ्यात बाहेरचं आवरण. आवरण एचआयव्हीचं नसतंच. गुराढोरांना होणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस या रोगाच्या विषाणूचं असतं. पाकिटात आत शिरण्याची खूण फक्त पहिल्या प्लाझ्मिडच्या मजकुरावर आहे. म्हणजे बनवताना चारही हवेत, पण पाकिटात जाते ती एकच चिठ्ठी. छापखाना मागेच राहतो. टी-पेशीत शिरल्यावर हा विषाणू स्वतःची दुसरी प्रत काढू शकत नाही.

आणखी एक कात्री टोकांवर चालवलेली आहे आणि तिच्यामागे मोठी किंमत मोजलेली आहे. १९९९ च्या सुमारास पॅरिसमध्ये आलँ फिशर यांच्या गटाने जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर जुन्या प्रकारच्या रेट्रोव्हायरसने जीन थेरपी केली. उपचार चालला, मुलांना प्रतिकारशक्ती आली. पण काही वर्षांत त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. विषाणू ‘एलएमओ२’ नावाच्या जनुकाजवळ जाऊन बसला होता आणि त्याच्या टोकांतल्या जोरकस बटणांनी शेजारचं ते जनुक चालू केलं होतं. हल्लीच्या लेंटिव्हायरसमध्ये टोकांतलं ते बटण कापलेलं असतं, आणि आपल्या जनुकाला चालवायला आत स्वतंत्र, बेताचा प्रमोटर देतात. धोका त्यामुळे खूप कमी झाला, पण शून्य झालेला नाही.

बनवण्याची कृती कागदावर साधी दिसते. ‘एचईके२९३टी’ या मानवी पेशी १० सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये आदल्या दिवशी पेरायच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी प्लेटचा ७० ते ८० टक्के पृष्ठभाग भरलेला मिळतो. चारही प्लाझ्मिड मिळून प्लेटला १० ते १५ मायक्रोग्रॅम डीएनए घ्यायचा. त्याच्या वजनाच्या साधारण तिप्पट पीईआय हा पॉलिमर मिसळायचा, १५-२० मिनिटं ठेवायचं आणि थेंबाथेंबाने पेशींवर सोडायचं. काही तासांनी माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचं. ४८ तासांनी विषाणू उतरलेलं वरचं पाणी काढायचं, नवं माध्यम घालायचं, ७२ तासांनी पुन्हा काढायचं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींचा गाळ खाली बसवायचा, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर दोन तास फिरवून घट्ट करायचं, आणि छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवायचं.

बिघडतं ते असं. एचईके पेशी प्लेटला फार सैल चिकटतात. माध्यम बदलताना पिपेटची धार थेट वर पडली की पेशींची चादर सालपटासारखी निघून येते. धार नेहमी प्लेटच्या कडेने सोडायची. फार जुन्या झालेल्या पेशी वापरल्या तरी विषाणू घटतो. २० ते २५ पेक्षा जास्त वेळा नव्या प्लेटमध्ये वाटून वाढवलेल्या पेशी टाकून नवी कुपी काढावी. पीईआय आणि डीएनएचं मिश्रण अर्धा-पाऊण तास तसंच राहिलं तर त्याचे कण मोठे होतात आणि पेशींना विषारी ठरतात. दहा प्लेटचं काम एका वेळी घेणाऱ्याच्या शेवटच्या प्लेट म्हणूनच पहिल्या प्लेटपेक्षा वाईट निघतात. गाळणीचा पडदा नायट्रोसेल्युलोजचा असला तर विषाणू त्यालाच चिकटून राहतो; पीईएस या प्लास्टिकचा घ्यावा. ०.२२ मायक्रॉनची गाळणी वापरली तर संसर्गाची भीती कमी होते, पण विषाणूचाही बराच भाग गमावतो. आणि गोठवलेली नळी एकदा वितळली की ती त्याच दिवशी वापरायची. परत गोठवली तर दर खेपेला ताकद घटते. छोट्या नळ्या करण्याचा कंटाळा म्हणूनच करू नये.

काम बरोबर चाललंय याची एक खूण सूक्ष्मदर्शकात दिसते. आवरणाचं प्रथिन बनू लागलं की शेजारच्या एचईके पेशी एकमेकींत मिसळून मोठमोठे गोळे होतात. दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत तर पुढची मेहनत करण्याआधी प्लाझ्मिड तपासावेत.

मायकोप्लाझ्माचा उल्लेख इथे करायलाच हवा. हा जिवाणू माध्यम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, आणि त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनला दाद देत नाही. पेशी जगतात, वाढतात, फक्त सगळे आकडे हळूहळू वाकडे येतात. उपाय एकच: महिन्यातून एकदा सगळ्या पेशींची पीसीआर चाचणी, आणि बाहेरून आलेली प्रत्येक पेशी निकाल येईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये.

मोजणी

इथपर्यंतचं काम हाताच्या सवयीचं आहे. इथून पुढचं डोक्याचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नळीत विषाणू किती आहेत? या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही वेगळी असतात. सांगाड्याचं पी२४ प्रथिन मोजलं तर आकडा सगळ्यात मोठा येतो, कारण त्यात रिकामी पाकिटं आणि नुसतं सांडलेलं प्रथिनही मोजलं जातं. आरएनए मोजला तर थोडा कमी. आणि किती पाकिटं खरोखर पेशीत शिरून जनुक बसवतात हे मोजलं तर आकडा या दोन्हींच्या तुलनेत फारच लहान. प्रयोगाला उपयोगी आकडा हा शेवटचा. त्याला टायटर म्हणतात.

टायटर काढायची रीत अशी. १२ खणांच्या प्लेटमध्ये एकसारख्या पेशी घ्यायच्या, प्रत्येक खणात विषाणूचं वेगळं प्रमाण घालायचं, आणि काही दिवसांनी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या यंत्रावर) किती टक्के पेशींवर कार दिसतो ते पाहायचं. समजा, १ लाख पेशींवर १ मायक्रोलिटर विषाणू घातला आणि १२ टक्के पेशी पॉझिटिव्ह आल्या. म्हणजे १२ हजार पेशींत जनुक गेलं. १ मायक्रोलिटरमध्ये १२ हजार, तर १ मिलिलिटरमध्ये १ कोटी २० लाख.

आता समजा, दुसऱ्या खणात ६० टक्के पॉझिटिव्ह आल्या. तो खण वापरून गणित केलं तर उत्तर चुकतं. का, ते समजायला पावसाची पहिली सर आठवा. अंगणात शहाबादी फरशा आहेत आणि थेंब पडू लागलेत. सुरुवातीला एका फरशीवर एक थेंब दिसतो. ओल्या फरशा मोजल्या की थेंब मोजल्यासारखंच होतं. पण अर्ध्याहून जास्त फरशा ओल्या झाल्यावर नवे थेंब आधीच ओल्या असलेल्या फरशांवर पडू लागतात. मग ओल्या फरशा मोजून थेंबांची संख्या कळत नाही. फरशांइतकेच थेंब पडले असतील तर ६३ टक्के फरशा ओल्या आणि ३७ टक्के कोरड्या असतात. याला प्वासाँचं वितरण म्हणतात. ६० टक्के पॉझिटिव्ह असताना दर पेशीमागे विषाणूंची खरी सरासरी ०.६० नसून ०.९२ असते, म्हणजे साधं गणित टायटर एक तृतीयांशाने कमी दाखवतं. १२ टक्क्यांच्या खणात हीच चूक जेमतेम ६ टक्क्यांची. म्हणून ५ ते २० टक्के पॉझिटिव्ह आलेले खणच हिशेबात धरायचे.

आणखी तीन जागी पाय घसरतो. एक, पेशी आदल्या दिवशी १ लाख पेरल्या म्हणून हिशेबातही १ लाख धरणं. विषाणू घालेपर्यंत त्या दुप्पट झालेल्या असतात आणि टायटर निम्मं निघतं. एक जास्तीचा खण ठेवून विषाणू घालायच्या क्षणी पेशी मोजाव्यात. दोन, घाईने दुसऱ्याच दिवशी फ्लो सायटोमीटरवर जाणं. विषाणूंसोबत वाहून आलेलं तयार कार-प्रथिन पेशींना नुसतं चिकटलेलं असतं आणि ते पॉझिटिव्ह दिसतं. किमान ७२ तास थांबायचं. पेशी विभागत गेल्या की ही खोटी चमक विरळ होते आणि गुणसूत्रात बसलेलं तेवढं उरतं. तीन, पीसीआरने मोजताना विषाणू बनवण्यासाठी वापरलेला प्लाझ्मिडच मोजला जाणं. वरच्या पाण्यात तो भरपूर सांडलेला असतो. आधी डीएनएज एन्झाइमने तो खाऊन टाकावा, आणि उष्णतेने निकामी केलेल्या विषाणूचा एक खण तुलनेसाठी ठेवावा.

हे सगळं एवढ्या बारकाईने कशासाठी? कारण पुढे टी-पेशीत किती प्रती जाव्यात यावर मर्यादा आहे. फरशांचंच गणित लावा. ३० टक्के टी-पेशी पॉझिटिव्ह असतील तर त्यांच्यात सरासरी १.२ प्रती असतात. ६३ टक्के असतील तर १.६. ९० टक्क्यांपर्यंत ताणलं तर अडीचच्या वर, आणि काही पेशींत पाच-सहा. प्रत्येक जास्तीची प्रत म्हणजे गुणसूत्रात आणखी एक कापलेली जागा, आणखी एक एलएमओ२ गाठण्याची शक्यता. औषध म्हणून देताना सरासरी प्रती पाचच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. ९० टक्के पॉझिटिव्ह असा आकडा परिषदेतल्या पोस्टरवर छान दिसतो, पण रुग्णासाठी ३० ते ५० टक्केच बरे.

प्रती मोजतात त्या डिजिटल पीसीआरने: कारच्या प्रती आणि एखाद्या नेहमीच्या जनुकाच्या प्रती यांचं गुणोत्तर काढून. नेहमीच्या जनुकाच्या एका पेशीत दोन प्रती असतात, हा दोनाचा गुणाकार विसरण्याची चूक फार होते. टायटरसाठी एचईके पेशी वापरल्या असतील तर तो दोनसुद्धा खरा नसतो, कारण त्या पेशींत गुणसूत्रं ४६ नसून साठाच्या पुढे असतात.

टी-पेशी आणि खरी परीक्षा

दात्याचं रक्त १.०७७ घनतेच्या फायकॉल या द्रवावर अलगद सोडून फिरवलं की पांढऱ्या पेशींचा धुरकट थर मध्ये येतो. त्यातल्या टी-पेशींना सीडी३ आणि सीडी२८ च्या अँटिबॉडी लावलेल्या मण्यांनी जागं करायचं. झोपलेल्या टी-पेशीत लेंटिव्हायरस फारसा काम करत नाही. एक-दोन दिवसांनी पेशी फुगलेल्या आणि घोसाघोसाने चिकटलेल्या दिसल्या की विषाणू घालायचा. मग आयएल-२, किंवा आयएल-७ आणि आयएल-१५ ही वाढीचा संदेश देणारी प्रथिनं (सायटोकाइन) देऊन आठ ते बारा दिवस वाढवायच्या. जास्त वाढवण्याचा मोह होतो, कारण संख्या वाढताना दिसते; पण जितक्या जास्त वाढलेल्या, तितक्या थकलेल्या पेशी रुग्णाच्या शरीरात जातात.

मग मारण्याची चाचणी. सीडी१९ असलेल्या ‘नाल्म-६’ या कर्करोगाच्या पेशींसोबत कार-टी पेशी १:१, ५:१, १०:१ अशा प्रमाणात ठेवून किती मेल्या ते मोजायचं. ही चाचणी सोबतच्या तुलनांशिवाय निरर्थक आहे. त्याच दात्याच्या, तशाच जाग्या केलेल्या, पण विषाणू न घातलेल्या टी-पेशी हव्यात, कारण परक्या माणसाच्या पेशी म्हणूनही टी-पेशी नाल्म-६ला काही प्रमाणात मारतात. सीडी१९ नसलेल्या ‘के५६२’ पेशी हव्यात. त्याही मेल्या तर कार लक्ष्य ओळखत नाहीये, सरसकट मारतोय. आणि प्रमाण मोजताना एकूण टी-पेशी न धरता कार-पॉझिटिव्ह पेशी धरायच्या. दोन नमुन्यांत कार अनुक्रमे २० आणि ५० टक्के असेल आणि दोन्ही एकूण संख्येवर मोजले, तर ‘दुसरी रचना जास्त चांगली’ असा निष्कर्ष निघेल. खरं तर तिच्या नळीत विषाणू जास्त होता, एवढंच. टायटरची चूक अशी शेवटी कारच्या रचनेचं श्रेय बनून वर येते. प्रकाशित झालेला लेख वाचतानाही कार-पॉझिटिव्ह पेशींच्या टक्केवारीचा तक्ता आधी शोधावा.

किमान तीन दात्यांवर तेच दिसल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. माणसामाणसात टी-पेशींचा फरक एवढा असतो की एका दात्यावर दहा वेळा केलेला प्रयोग म्हणजे एकच प्रयोग.

काचेतल्या परीक्षेत न दिसणारा एक धोका रुग्णात दिसतो. भराभर मारणाऱ्या टी-पेशींमुळे सायटोकाइनांचा पूर येतो. ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही रक्ताच्या कर्करोगासाठी कार-टी घेणारी पहिली बालरुग्ण याच अवस्थेत अत्यवस्थ झाली. तिच्या रक्तात आयएल-६ खूप वाढलेलं आढळलं आणि संधिवातासाठी वापरलं जाणारं टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली. आज ते औषध हाताशी ठेवल्याशिवाय कार-टी देत नाहीत.

या धोक्यावरच सिंथेटिक बायोलॉजीचं सध्याचं बरंच काम चाललं आहे. एक वाट म्हणजे पेशीत मरणाचं बटण बसवणं: कॅस्पेज-९ हे आत्मघाती प्रथिन असं जुळवायचं की एक निरुपद्रवी औषध दिल्यावरच ते जागं होईल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाच्या एका मात्रेने अर्ध्या तासात नव्वद टक्क्यांहून जास्त बदललेल्या पेशी नाहीशा झाल्या. दुसरी वाट म्हणजे दोन खुणा एकत्र दिसल्या तरच मारायचं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेंडेल लिम यांच्या गटाने २०१६ मध्ये असे रिसेप्टर दाखवले: पहिली खूण दिसली की पेशी कार बनवते, दुसरी दिसली की त्या कारने मारते. अडचण जागेची आणि गळतीची. लेंटिव्हायरसच्या पाकिटात आठ-नऊ हजार अक्षरं मावतात, पण मजकूर लांबत गेला की टायटर झपाट्याने पडतं. आणि ‘बंद’ असलेलं बटण पेशीत पूर्ण बंद कधीच नसतं. थोडा कार गळतच राहतो. दोन-खुणांची रचना करणाऱ्याने आधी गळती मोजावी, मारण्याचा आलेख नंतर काढावा.

परवानगी, पैसा, वेळ

भारतात हे काम जनुक बदललेल्या जीवांबाबतच्या १९८९ च्या नियमांखाली येतं. प्लाझ्मिड मागवण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज, मानवी रक्तासाठी नैतिकता समितीकडे वेगळा अर्ज. विषाणूचं काम जैवसुरक्षेच्या दुसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेत, वर्ग-२ च्या कॅबिनेटमध्येच. वापरलेलं सगळं द्रव ब्लीचमध्ये आणि घन कचरा ऑटोक्लेव्हमध्ये. रुग्णांपर्यंत न्यायचं असेल तर आयसीएमआरची २०१९ ची जीन थेरपी मार्गदर्शक तत्त्वं आणि औषध नियंत्रकांची परवानगी. या टप्प्यावर विद्यापीठातला विषाणू चालत नाही. तोच विषाणू स्वच्छ कारखान्यात, प्रत्येक बाटलीचा दाखला ठेवून, नव्याने बनवावा लागतो. संशोधनातली कृती तिथे जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण प्लेटमध्ये चिकटून वाढणाऱ्या पेशींऐवजी बऱ्याचदा मोठ्या टाकीत तरंगणाऱ्या पेशी लागतात.

जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ ४२,०००. मणी, सायटोकाइन आणि कारच्या अँटिबॉडी बऱ्याचदा परदेशातून थंड डब्यात येतात. प्रयोगाची तारीख दात्याच्या सोयीने ठरत नाही, पार्सल कस्टममधून सुटण्यावर ठरते. म्हणून जाणकार गट विषाणूची एक मोठी खेप एकदाच बनवतात, तिचं टायटर तीनदा काढतात आणि वर्षभराचे प्रयोग त्याच खेपेवर करतात.

त्या खेपेच्या काही नळ्या मात्र कधीच वापरायच्या नसतात. जनुक गुणसूत्रात बसवणाऱ्या उपचारांच्या रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवावं, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची अपेक्षा आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी कार-टी उत्पादनांवर टी-पेशींच्या नव्या कर्करोगाबाबत ठळक इशारा छापायला लावला. असा एखादा रुग्ण पुढे आला की पहिला प्रश्न असतो, आपलं जनुक त्या गाठीतल्या पेशींत आहे का, आणि असेल तर नेमकं कुठे बसलंय. उत्तर शोधायला गाठीतला डीएनए लागतो, आणि तुलनेला मूळ विषाणूची तीच नळी, खेपेचा क्रमांक, तारीख, टायटरची वही. विद्यार्थी कधीच पदवी घेऊन गेलेला असतो. नळीवरचं मार्करचं अक्षर एवढ्या थंडीत पुसलं जातं; तिथे टिकणारी छापील चिकटपट्टीच लावावी.